बैठकीच्या छताची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, छतांवर प्लास्टरची नक्षी करणारी बाई, वय एकोणऐंशी, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. नणंदेला शंका असल्यास तिने डॉक्टरीणबाईंना विचारावं. त्यांनी मला तपासूनच खाली सही केली आहे.

१. साचे, थाप्या आणि कोरण्या रंगाऱ्याला द्याव्यात. परांचीवर माझ्याशेजारी उभा राहून तो जन्मभर भांडला. सोनेरी रंग त्याने जरा हात राखून लावावा. सिंहांना सोन्याचे दात नसतात, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

२. एक साचा मात्र नणंदेचा. पाचशे वर्षांपूर्वीची, रेनेसाँसच्या काळातली वेलबुट्टी मी जुन्या चित्रांवरून पुन्हा उभी केली, तेव्हा सगळे सपाट भिंतींच्या मागे लागले होते. नणंद म्हणाली, "वहिनी, घरात जळमटं काय कमी आहेत, म्हणून छताला वेली चढवतेस?" त्या नक्षीत पानांआडून चेहरे डोकावतात. नाक मुरडणारा चेहरा मी तिचाच केला, तिला द्यायचा साचा त्याचाच. एवढी वर्षं ती त्याच्याखाली बसून चहा पिते आहे, अजून ओळखला नाही.

३. बँकेत उरेल ते आणि हे घर मुलीचं. ती घरं बांधते. तिच्या घरांत औषधालासुद्धा एक पान सापडणार नाही. बैठकीच्या छतावरून आमचं वाजलं. "आई, त्या धूळखाऊ रानाखाली मी राहणार नाही. घर माझं झालं की पहिलं ते छत काढणार." मी म्हटलं, "मग मी मरतच नाही, जा!" तेव्हापासून फोनवर फक्त तब्येतीचं बोलणं होतं.

वकीलसाहेब म्हणाले, "अट घाला. छताला हात लावला तर घर जाईल." मोह झाला, खोटं कशाला बोलू? माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं काम आहे ते. पण मग पोरगी रोज वर बघून माझ्यावर चिडेल. ते मला सोसणार नाही. घर बिनशर्त तिचं.

४. बाळे, छत काढशीलच, तर मधलं मोठं फूल खालून ठोकू नकोस. ते फार जड आहे आणि नुसत्या तारांवर आहे, थेट डोक्यात येईल. आधी टेकू दे, कडेपासून सुरुवात कर, तारा शेवटी काप. आणि चष्मा लाव. जराशी धूळ गेली तरी तुझे डोळे लालभडक होतात, लहानपणापासून.

लिहून ठेवणार: मुलीची आई (सही)
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), समोरची शिंपीण (सही)
ठिकाण: बैठकीची खोली
तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्यावरची