धारवाल्याची जागा

दि. १२ ऑगस्ट

चि. मनीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड ठणठणीत आहे, त्यामुळे घरात सगळं सुरळीत चालू आहे.

मंडईतल्या चोऱ्यांवरचा तुझा अहवाल दोनदा वाचला. शेजारच्या मास्तरांनाही वाचायला लावला, त्यांची इच्छा नसताना.

तू गुन्हेशास्त्र शिकायला निघालीस, तेव्हा पुस्तकं वाचून चोर सापडत नाहीत, असं मी तुला सुनावलं होतं. तीस वर्षं हवालदारी केलेली, चालीवरून चोर ओळखतो असा तोरा. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, चोराचं नंतर बघू. चोरीला जागा कशी मिळते ते आधी बघू." मी हसलो होतो. आता हसं माझं झालंय आणि मला त्याचा फार आनंद आहे.

चोरी व्हायला चोरणारा लागतो, चोरण्याजोगी वस्तू लागते आणि बघणारं कुणी नसावं लागतं, हे तू किती सोपं करून लिहिलंस! मंडईच्या बोळात बायका भाजी निवडायला वाकतात, पिशवी पाठीमागे जाते आणि पाकीट गायब होतं. हे बघायला तू पंधरा दिवस तिथे स्टूल टाकून बसलीस. माझ्या जुन्या डायऱ्या मागितल्यास, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"या बोळातील चोऱ्या नऊ वर्षांपूर्वी अचानक वाढल्या," असं तू लिहिलंस. का वाढल्या, ते गाळलंस. डायरीत माझ्याच अक्षरात आहे: धारवाल्यास उठवले. तो बोळाच्या तोंडाशी सुऱ्या-कात्र्यांना धार लावत बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचा. इतका बघतो म्हणजे टेहळणीच, असं मी धरून चाललो. त्याच्याकडे कधी काही सापडलं नाही, तरी हुसकावलं. साहेबांची शाबासकीही घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. बोळावर नजर ठेवणारा एकटा माणूस मीच उठवला.

तू बापाची लाज राखलीस. पण सोमवारी तू अहवाल मांडशील तेव्हा साहेब विचारतील, का वाढल्या? तू गप्प राहिलीस, तर त्याला परत बसवण्याची तुझी सूचना फेटाळली जाईल. ते वाक्य घाल. तारखेसकट घाल.

काल मी पुलापलीकडे त्याच्याकडे गेलो. जन्मात पहिल्यांदा त्याला अहोजाहो केलं. म्हणालो, "चूक माझी होती. परत तिथे बसाल का?"

त्याने चाक थांबवलं. "तुमची मुलगी महिन्यापूर्वीच येऊन गेली. मी म्हटलं, ज्यांनी उठवलं त्यांनी बोलावलं तर येईन. ती म्हणाली, येतील ते."

मनी, तू मला हे सांगितलं नाहीस. मी जाईन, एवढा विश्वास ठेवलास.

तो येत्या परवापासून बसणार आहे.

तुझे बाबा,
बक्कल नंबर ४१७
(अहवालात नंबर नीट लिही.)