वगळलेल्यांची पोच

४ जानेवारी, सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी. कमी शब्दांत. विषयच कपात आहे.

निवृत्तीनंतर चार महिने विचार केला. निष्कर्ष असा, की सगळ्या भानगडी जास्तीमुळे होतात. राजकारणात मंत्री जास्त, बाजारात वस्तू जास्त, समाजात पाहुणे जास्त. अक्कल फक्त निसर्गाला. दारातला बदाम पानं टाकून मोकळा होतोय, कुणाला विचारत नाही.

ऑफिसात सात प्रतींचा फॉर्म मी चार प्रतींवर आणला होता. निरोप समारंभात कुणी उल्लेख केला नाही. असो.

५ जानेवारी
सायलीचं लग्न ठरलं, २० फेब्रुवारी. मुलगा अतुल, पुण्यात तिच्याच कंपनीत. पोरीच्या अटी दोनच: माणसं शंभर, आणि पाठीशी उभा राजूमामा. राजूमामा म्हणजे बायकोचा, सुरेखाचा, एकुलता भाऊ राजेंद्र, कन्नड गावी असतो. लहानपणी सायलीनं सगळे उन्हाळे त्याच्या खांद्यावर काढले.

म्हणालो, दोन्ही झाल्या समज. मुलीत माझेच विचार उतरलेत.

७ जानेवारी
सुरेखाची यादी बाराशेची. मी एका संध्याकाळी शंभरावर आणली. ती म्हणाली, लोक तोंडात शेण घालतील. बायकांना पद्धत माहीत नसते.

पद्धत अशी. ऑफिसात कुणाला काही द्यायचं असलं, तर परिपत्रक पुरतं. काढून घ्यायचं असलं, तर नोटीस समक्ष द्यावी लागते, पोच घेऊन. म्हणून यादीतल्या शंभरांना व्हॉट्सॲप. वगळलेली दोनशे चाळीस घरं मी स्वतः फिरणार, समजावून सांगणार, रजिस्टरवर सही घेणार. पत्रिका छापायच्याच नाहीत.

९ जानेवारी
शंभर मेसेज, अकरा मिनिटांत. 'दि. २० फेब्रुवारी रोजी विवाह. उपस्थित राहावे. कळावे.' राजेंद्रभाऊंच्या निळ्या खुणा लगेच आल्या. काम झालं.

सुरेखा म्हणते, मामाला घरी जाऊन, कुंकू लावून बोलवायचं असतं, आणि ते घरच्या कर्त्यानंच. जाऊ म्हणालो.

१० जानेवारी
पहिली पोच शेजारच्या इलियासभाईंची. बावीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. कपातीचं तत्त्व सांगितलं, तुमचं नाव यादीत नाही म्हणालो. त्यांनी चष्मा लावून सही केली. म्हणाले, सुदर्शनभाऊ, आप खुद आए, बस हो गया. नजमाभाभींनी शेवया दिल्या.

किती समंजस माणूस.

१७ जानेवारी
शेंद्र्याला सत्यभामाआत्याकडे. मी बोलत असतानाच तिनं ओवाळलं, टॉवेल-टोपी दिली. म्हणाली, कपात का काय ती तुझी तुला ठाऊक, पर तू उन्हातानात सोता आला, लई झालं बाबा. अंगठा दिला.

घरात आता टोप्या अठरा. हे जरा विचाराच्या उलट जातंय. तात्पुरतं आहे.

२८ जानेवारी
एसटीनं कन्नड. तीन घरं वगळायची होती, तिन्ही राजेंद्रभाऊंच्याच गल्लीत. भाऊ ओट्यावर बसले होते. उठून उभे राहिले. मी रजिस्टर दाखवून खुणेनंच घाईत आहे असं सांगितलं आणि पुढे झालो. त्यांचं नाव यादीत आहे. वगळायच्या कामावर असताना यादीतल्या माणसाकडे चहा घेणं बरं दिसत नाही.

सुरेखानं विचारलं, कन्नडचं झालं का? झालं म्हणालो. त्यात खोटं काही नाही.

१२ फेब्रुवारी
रजिस्टर पूर्ण. दोनशे चाळीस सह्या, हरकती निरंक. कपातीला लोकांचा विरोध असतो हा निव्वळ गैरसमज. ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान द्यावं म्हणतो. 'कपात: राजकारण, अर्थकारण, समाज, निसर्ग.' दीड तास. फार तर दोन.

शंभरांपैकी नऊ जणांचे अंगठे आले. बाकीच्यांची मूक संमती.

औरंगपुऱ्यात वगळलेले दोघं भेटले. कार्यालय नेमकं कुठल्या गल्लीत, असं विचारत होते. त्यांची निव्वळ उत्सुकता.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी ६
साडेदहाला गर्दी सुरू झाली. सत्यभामाआत्या जीप भरून आली. कन्नडची तिन्ही घरं आली, लेकरांसकट. रजिस्टर दाखवलं. सही आपलीच हाय, असं सगळे आनंदानं कबूल करत होते. एकानं समजावलं, पत्रिका कुणीबी वाटतं, मुलीचा बाप सोता दारात आला म्हणल्यावर न येऊन कसं चालंल? अकराशे माणूस.

यादीतल्या शंभरांपैकी आले नऊ.

केटरर शंभर ताटांचा. तो माझ्याकडे बघून खुर्चीवर बसला. इलियासभाईंनी कुठूनतरी देगा आणवल्या, वरणभात शिजला. पंगत चारला उठली.

गुरुजींनी माइकवरून तीनदा पुकारलं, मुलीचे मामा, मुलीला घेऊन या. सुरेखा दाराकडे बघत होती. मी बाहेर जाऊन फोन लावला. राजेंद्रभाऊ म्हणाले, तब्येत बरी नाय, पाव्हणं. आवाज ठणठणीत होता. आत आलो तर सुरेखानं विचारलं, तुम्ही त्याच्या घरी गेला होता ना? मी म्हणालो, गल्लीपर्यंत.

तिचा चेहरा मी नीट पाहिला नाही. पाहवला नाही.

सायलीनंच इलियासकाकांना हाक मारली. ते पाठीशी उभे राहिले. अंतरपाट धरला तेव्हा ती रडत होती. मुली रडतातच.

२१ फेब्रुवारी
घरात बोलणं निम्म्यावर आलंय. हेही एका अर्थी यशच. पण झोप लागली नाही.

२३ फेब्रुवारी, सकाळी, एसटीत
ठरवलं. कन्नडला जाणार, समक्ष. नारळ, कुंकू, राजेंद्रभाऊंसाठी फेटा, वहिनींना साडी. तत्त्वाला एक अपवाद चालतो. माझं चुकलं, असं सरळ म्हणणार. मनाशी दोनदा म्हणून पाहिलं. जमतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
राजेंद्रभाऊंनी पाणी दिलं. माझं चुकलं म्हणालो. ते म्हणाले, त्या दिवशी नवं धोतर नेसून नऊच्या गाडीपत्तुर बसलो व्हतो. वाटलं कुणीतरी येईल, नाय तर एक फोन. मग सोडलं धोतर.

मला फार वाईट वाटलं.

मग म्हणाले, जाऊ द्या, पोरीनं भरून काढलं. काल सायली, अतुल आणि सुरेखा येऊन गेले. मामाचा हात धरून सायली ओट्यावरून अंगणात आली, मामा पाठीशी उभा राहिला, वहिनींनी पुन्हा अक्षता टाकल्या. पुरणपोळी झाली. फोटोत सगळे आहेत, गल्लीतली तिन्ही घरंसुद्धा. तुमीबी याल वाटलं, असं राजेंद्रभाऊ म्हणाले.

काल मी घरीच होतो. व्याख्यानाचे मुद्दे काढत होतो. सुरेखा बाजारात गेली असेल असं धरून चाललो होतो.

घरी येऊन तिला विचारलं, मला का नाही सांगितलं. तिनं भाजी चिरताना वर पाहिलं नाही. म्हणाली, व्हॉट्सॲपवर टाकलं होतं.

पाहिलं. काल सकाळी ६.५२. टाकलं होतं.