ऑनिंग गाडीलाच राहील

मी, गफूर इस्माईल होडेकर, वय वर्षे एकाहत्तर, राहणार राजिवडा, रत्नागिरी, पूर्वीचा धंदा शारजात कारवानांना, म्हणजे राहायच्या गाड्यांना, सावलीचे ऑनिंग बसवणे, हल्लीचा धंदा घरच्यांना तेच तेच सांगणे, स्वखुशीने लिहून ठेवतो की, माझी अक्कल ठिकाणावर आहे. डोळ्यांना कमी दिसते, पण कान शाबूत आहेत. माझ्यानंतर गाडीचे काय करायचे याची घरात चाललेली कुजबुज मला सगळी ऐकू येते, म्हणूनच हे लिहायची वेळ आली.

१. राहते घर, आंब्याची कलमे आणि बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे वाटली जाईल. बायको अजरा हिला तिचा हिस्सा, मुलगा उमेर याला त्याचा. त्यात मी नाक खुपसत नाही.

२. माझा थोरला मुलगा यासीन तीन वर्षांपूर्वी काविळीने गेला. बापाच्या आधी मुलगा गेला आणि मागे दुसरा मुलगा असला की गेलेल्याच्या बायकामुलांना आजोबांच्या मिळकतीत वारसा पोचत नाही. म्हणजे सून हुदा आणि नात मनाल यांच्या हाती माझ्यानंतर काही लागणार नाही. मात्र ज्यांना वारसा नाही त्यांच्या नावे तिसऱ्या हिश्शापर्यंत वसियत करता येते. मौलवीसाहेबांना विचारले, वकीलसाहेबांना विचारले. दोन शिकलेल्या माणसांचे एकमत झालेले मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले. गाडी त्या तिसऱ्या हिश्शात आरामात बसते. म्हणून गाडी, तिच्या ऑनिंगसह, मी हुदाला देतो.

३. गाडीची हकीकत अशी. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची, पाळीच्या कामगारांना नेणारी बस भंगारात निघाली, ती मी घेतली. यासीनने आणि मी तिच्यात बिछाने, मोरी, शेगडी बसवली. ऑनिंग शारजाहून मागवले. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी लिहितो: गाडीच्या अंगाला एक लांब नळी, नळीत स्प्रिंग, वर गुंडाळलेले जाड कापड. ओढले की बाहेर येते, दोन पायांवर उभे राहते आणि गाडीच्या दारात ओटी तयार होते. पुण्या-मुंबईची मंडळी गाडी भाड्याने घेऊन हेदवी, गुहागर, दापोलीकडे जातात. सदू चालवतो, हुदा त्या सावलीत तांदळाच्या भाकऱ्या आणि मासे करते. लोक गाडीत झोपायला येत नाहीत, त्या सावलीत समुद्राकडे तोंड करून जेवायला येतात. ऑनिंग काढले तर उरेल ती भंगारातली बस. हुदाचे आणि मनालचे पोट त्या कापडावर आहे, हे सांगून माझी जीभ झिजली.

४. उमेर कतारला असतो. इथे त्याने बंगला बांधला आहे. गेल्या सुट्टीत म्हणाला, "अब्बा, बस भंगारात टाका. ऑनिंग माझ्या गच्चीला छान दिसंल."

मी म्हटले, "आणि हुदा?"

"भाबीला मी महिन्याचं पाठवीन की."

मुलगा वाईट नाही. पाठवीलही. पण हुदाने दर महिन्याला दिराच्या मेहेरबानीची वाट पाहत बसावे, हे मला नको.

त्याच सुट्टीत तो सासुरवाडीच्या मंडळींना घेऊन हेदवीला गेला. ऑनिंगचा एक पाय दुसऱ्यापेक्षा खाली ठेवायचा असतो, म्हणजे पावसाचे पाणी ओघळून जाते. उमेरला ते तिरके दिसले. आम्हा लोकांना दावतीच्या मांडवाची सवय, व्याह्यांसमोर वाकडे कसे चालेल? सदूने मागाहून सांगितले, "चाचा, उमेरभायनी दोनी पाय सारखे ठेवलेनी. मी बोललो, पाणी साचंल. तर मलाच गप बसवलानी." एक सर आली, कापडाला पखालीएवढे पोट सुटले आणि सगळे पाणी व्याह्यांच्या ताटात उतरले. एक दांडाही वाकला. तो सरळ करताना मी जे बोललो ते कायदेशीर कागदावर लिहिण्यासारखे नाही.

५. पुढील गोष्टी वसियतीचाच भाग समजाव्यात, कारण तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. कापड ओले गुंडाळू नये. नाइलाज झालाच तर घरी येताच उघडून सुकवावे, नाहीतर बुरशी धरते. वारा सुटला की आत घ्यावे, जेवण अर्धे राहिले तरी. खाऱ्या हवेत न गंजणारेच स्क्रू वापरावेत, आणि ते नुसत्या पत्र्यात नव्हे, आतल्या सांगाड्यात गेले पाहिजेत. सांध्यांना खोबरेल लावू नये. अजरा, हे तुला आहे. खोबरेल सगळ्या दुखण्यांवर चालते हे मी लग्नापासून ऐकत आलो, पण त्याला वाळू चिकटते. ऑनिंगवर सुकट वाळत घालू नये. हेही तुलाच. स्प्रिंग जखडल्याशिवाय नळीचे टोक उघडू नये, माझी करंगळी शारजात तिनेच नेली. हुदा हे सगळे न सांगता पाळते, त्यामुळे तिच्यावर ओरडायची मला कधी संधीच मिळाली नाही.

६. माझे पाने, ड्रिल आणि रिबिट मारायचे यंत्र सदूला द्यावे. शेजारी बाबू तांडेल यांनी "उद्या आणून देतो" म्हणून नेलेली शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. आता ती वसियतीने त्यांची झाली, म्हणजे त्यांना माझ्या मयतीला ताठ मानेने येता येईल.

७. वकीलसाहेबांनी मसुद्यात लिहिले होते, "हुदा हिने पुनर्विवाह न केल्यास". अशी रीत आहे म्हणाले. मी त्या शब्दांवर काट मारली आणि बाजूला सही केली. तेव्हा सुट्टीवर आलेला उमेर समोरच बसला होता. म्हणाला, "अब्बा, भाबीनं उद्या दुसरा निका केलान, तर गाडी परक्याच्या घरात जाईल."

जाऊ दे. हुदाचे वय अजून तिशीच्या आसपास आहे. गाडी मी यासीनच्या विधवेला दिलेली नाही, हुदाला दिली आहे, आणि ती जिथे जाईल तिथे गाडी जाईल. तिने निकाह केला तर यासीनला राग येणार नाही, तो तसा नव्हता. मला मात्र वाईट वाटेल, फार वाईट वाटेल. मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून हे लिहिले. एवढ्या ओळी तिला वाचून दाखवू नयेत.

ठिकाण: रत्नागिरी
तारीख: ९ ऑक्टोबर २००४

सही: गफूर इस्माईल होडेकर

आमच्यासमोर वाचून, समजून सही केली:
१. केरू रामा शितप
२. शब्बीर अली वस्ता