मंत्र्याने चटईवर जे केलं

मसाका, युगांडा, रविवार

मामा,

तुमचे गुडघे दुखत नसोत, मामींच्या केळीला घड लागोत आणि हे पत्र वाचून तुमचं रक्त माझ्यासारखं खवळू नये. माझं आयुष्य नेमकं केव्हा फिरलं ते सांगतो. मी जिच्याशी लग्न करणार त्या नबातान्झीने स्वतः विणलेली चटई आईसाठी आणून बैठकीत अंथरली, आई म्हणाली, "बस गं, शेंगदाण्याचं कालवण होतंच आहे," आणि आपल्या मंत्र्याने दोघींच्या देखत त्या चटईवर तंगडी वर केली.

कुत्रा तुम्हीच दिलेला. पिल्लू होता तेव्हापासून अंगणातल्या फणसाखेरीज कुठे थेंब सांडला नाही त्याने (भर पावसातसुद्धा बाहेर जायला दार खरवडायचा). आणि आता नबातान्झी आली की तिची पिशवी, तिच्या चपला, ती बसून उठली ती खुर्ची! मी लिंबू चोळलं, व्हिनेगर ओतलं, त्याच्यावर घसा फोडला. आई म्हणाली, "तू कॉलेज सोडलंस, याने वळण सोडलं. एकाच घरातले ना!" शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. ते म्हणाले, "प्रकृती ठणठणीत आहे. दुसऱ्या कुत्र्याचा वास आला की हा आपला हक्क सांगतो. घरी कोण येतं कुत्रेवाल्यांकडून?"

आता नबातान्झीकडे कुत्रा नाही. सेकांडीकडे आहे. (सेकांडी म्हणजे तो मोटारसायकलचे सुटे भाग विकणारा, कॉलेज पुरं केलेला, तिला बघून कारण नसताना हसणारा.) तिला विचारलं, रोज दुपारी जातेस कुठे? तर म्हणाली, "ते सांगायचं नसतं." माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी गेलो तिच्या मागोमाग. ती एका अनोळखी घरात शिरली, आतून भुंकणं ऐकू आलं, आणि मी फाटकातच ओरडलो, "सेकांडी, बाहेर ये! बायकांच्या आड लपतोस काय!"

बाहेर आली तिची आत्या. हातात अर्धी विणलेली चटई, मागे पिवळी कुत्री.

मामा, लग्नाआधी आत्याच मुलीला शहाणी करते आणि तिथलं बाहेर बोलायचं नसतं, हे का मला माहीत नाही? म्हणजे ती माझ्यासाठीच शिकत होती! आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाच का गं तो?"

नबातान्झी म्हणाली, "होता."

त्या 'होता'पासून मला अन्न गोड लागत नाही. आत्या पुढे म्हणाली, "परिचयाच्या दिवशी, मुलाकडचे मागणी घालायला येतात तेव्हा, भरल्या अंगणातून नवरामुलगा मी ओळखून दाखवायचा असतो, बाबा. मी तर तुला ओळखतच नाही." आणि तिने ओळखलं नाही तर लग्न कसलं!

आईचा नमस्कार.

तुमचा भाचा (अजून एकटाच),
कियेम्बा

ता. क. : शनिवारी तुमचा पांढरा पायघोळ कान्झू घालून या. आत्याकडे जाऊन माफी मागायची आहे. बोलायचं सगळं तुम्ही; मी तोंड उघडणार नाही, तशी आईने शपथच घातली आहे.

आणखी एक : मंत्री त्या दिवशी माझ्या मागोमाग आला होता. आत्या मला झापत होती तेवढ्यात तो आणि ती पिवळी घरामागे गेली. परिचय नाही, बोलणी नाहीत, एकदम संसारच. तेव्हा माफी माझ्या आणि त्याच्या, दोघांच्या वतीने मागायची आहे. कुत्रा तुम्ही दिलेला, हे आत्याला मी सांगितलंय.

तुम्हाला बसायला तीच चटई धुऊन, वाळवून अंथरली आहे. मंत्री तिच्याकडे बघतोय. मी काही पाहिलं नाही. पत्र टाकायला निघालो, दार ओढून घेतो.