मेदिचींची अट, आईची भांडी

७ सप्टेंबर २०१४, ड्युसेलडॉर्फ

नागेशने मिरजेचं घर विकलं! म्हणजे विसार घेतला. दिवाळीनंतर बिल्डर ताबा घेणार आणि आई पुण्याला नागेशकडे जाणार. बाबा गेल्यापासून एकटीच तर आहे तिथे. वर नागेश फोनवर म्हणतो,

"ताई, आता भांड्यांचं बोल. तुझ्या आईची परात माझ्या किचनमध्ये आडवीसुद्धा मावणार नाही. मोडीत घालू?"

आई जणू माझी एकटीची! मी अशी किंचाळले की चारुदत्त तोंडात ब्रश घेऊन बाथरूममधून धावत आला. "कोण गेलं?"

दर वर्षी मंडळाच्या दिवाळी अंकात परदेशस्थांच्या गहिवरावर टपल्या मारणारी मी. आज एका परातीसाठी नाक पुसतेय. वा!

९ सप्टेंबर

आमच्या इराचा शाळेत रेफराट आहे, म्हणजे वर्गापुढे उभं राहून बोलायचं. विषय मेदिची घराणं. फ्लॉरेन्सचे सावकार. त्यांनी पोप दिले, राण्या दिल्या, निम्मं शहर उभं केलं. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये सांगते, मध्ये कुठेतरी आमची गाठ पडते.

त्या घराण्याची शेवटची मुलगी, आना मारिया लुइझा, लग्न होऊन कुठे आली? इथे, आमच्या ड्युसेलडॉर्फात! राटहाउससमोर, म्हणजे नगरपालिकेपुढे, पुतळ्यात घोड्यावर बसलेला यान वेलेम हा तिचा नवरा. बाईने पंचवीसएक वर्षं या पावसात काढली. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर माहेरी परतली. पुढे घराणं संपत आलं तेव्हा तिने अट घातली — चित्रं, पुतळे, जडजवाहीर, काही म्हणजे काही फ्लॉरेन्सबाहेर जायचं नाही. आणि नाही गेलं!

"गेनाऊ," इरा म्हणाली, म्हणजे 'बरोबर'. तिला फक्त मार्कांची काळजी.

माहेरच्या वस्तूंत जीव अडकलेली ड्युसेलडॉर्फमधली बाई. मला तर ती एकदम शेजारीणच वाटली.

१० सप्टेंबर

जागा मिळेल तिथे मेदिचींनी आपल्या ढालीवरचे लाल गोळे कोरले. आईने भांड्यांवर नाव. नाव घातल्याशिवाय नवं भांडं उंबरा ओलांडायचं नाही. दुकानातला माणूस मशीन टर्रर्र फिरवायचा आणि मी कानांवर हात ठेवून बघत बसायची — सौ. शोभना र. वैशंपायन. आडनाव इतकं लांब की पेल्याला वळसा घालून पुन्हा 'सौ.'पाशी यायचं. चमच्यांवर नुसतं शो. वै.

गल्लीत कुणाकडे कार्य असलं की आमची भांडी जायची आणि नावाच्या जोरावर घरी यायची. एक वाटी कमी भरली की आई त्या माणसाचा बारशापासूनचा इतिहास काढायची! ती आणि शेजारच्या अहिल्याकाकू, दोघी ओसरीवर बसून भांडी मोजायच्या. त्या उन्हात स्टीलचे कवडसे छतावर नाचायचे. इथे आमच्या केलरमध्ये, तळघरात, ऊन येत नाही, हे मला आज का आठवावं?

१३ सप्टेंबर

नागेशला मेदिची बाईचा दाखला देऊन फर्मान धाडलं. एकही भांडं वाटेला लावायचं नाही. सगळं पेट्यांत भरून बोटीने हॅम्बर्गला, तिथून आमच्या केलरमध्ये.

"ताई, त्या बाईने गावात ठेवलं. तू तळघरात ठेवणार."

गाढव आहे. पण बोलला बरोबर.

२१ सप्टेंबर

आईचा फोन. "मालू, भांडी वाटून टाकली गं मी."

"कुणाला?"

"गल्लीत. परात अहिल्येला. पेले समोरच्या संध्याला. ज्याला जे लागेल ते."

"आई! मी बोटीचं ठरवत होते!"

"तुझ्याकडे माणसं येतात ती महिनाभर आधी विचारून. एवढ्या गंजात आमटी कुणासाठी करणार होतीस?"

फोन बंद केला. हल्ली तो आपटताही येत नाही. मोबाइलने रागाची मजाच घालवली.

२८ सप्टेंबर

रविवार. आईला फोन केला नाही. तिनेही केला नाही.

४ ऑक्टोबर

आई गेली. झोपेत, स्वतःच्या घरात.

१६ ऑक्टोबर, मिरज

आज तेरावा. घरात कार्याजोगं पातेलंसुद्धा उरलेलं नाही, म्हणून नागेश केटररला भांडी सांगायला निघाला होता. दारातच अहिल्याकाकूंनी अडवला. काखेत आमची परात. "शोभनाचं कार्य आणि भांडी भाड्याची? नाग्या, लाज बाळग!" त्यांच्यामागे संध्या पेले घेऊन, तिच्यामागे सगळी गल्ली.

इराने पाणी पिऊन झाल्यावर पेला फिरवत फिरवत नाव वाचलं. मग म्हणाली — मराठीत! — "आई, काहीच बाहेर नाही गेलं."

संध्याकाळी घासूनपुसून ज्याची त्याला परत दिली. एक वाटी कमी भरली. आई असती तर बारशापासूनचा इतिहास काढला असता.

वाटी माझ्या पर्समध्ये आहे.