रांगोळीसाठी रिकामा केलेला डबा

प्रिय शिरीष,

काल आर्मीची माणसं आली आणि तुझी शेड रिकामी करून गेली. हे सगळं मी कुणाला सांगू? पुण्याला दादाला फोन केला तर तो म्हणेल, ‘मृदुला, तू जरा डॉक्टरला दाखव.’ म्हणून तुलाच लिहायला बसले. तुझाच उपद्व्याप, तूच ऐक!

आधी भांडून घेते. बंदुकीचं वेड तुला शेजारच्या डोनलने लावलं. शनिवारी दोघांनी क्लबात जायचं, हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायच्या आणि चिखलाचे बूट घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायचं. इथवर ठीक होतं. बंदुकीचं लायसन्स होतं, मीही कुरकुर करून गप्प बसले होते. पण डोनलच्या वडिलांचं काडतुसं भरायचं जुनं मशीन तू शेडमध्ये आणून बसवलंस! घरी काडतुसं भरायला इथे परवानगी नाही, हे तुला चांगलं ठाऊक होतं. पार्किंगची मुदत संपायच्या आत धावत सुटणारा तू, आणि हे?

तुमच्या कारखान्यात एका बॅचचा कण दुसऱ्या बॅचमध्ये जाऊ नये म्हणून तू टेबल पुसून, चारदा तपासून मगच पुढचं काम सुरू करायचास. आणि घरी? बंदुकीच्या पावडरीचे दोन अर्धे डबे शेजारी शेजारी, फळीवर, उघड्यावर. कुलूप नाही, काही नाही.

त्यातली एक पावडर झटकन पेटते, ती थोडीच घालायची. दुसरी दमादमाने पेटते, ती जास्त लागते. दोन्हींचे कण काळपट, खसखशीपेक्षा जरासे मोठे. त्यांची गल्लत झाली तर नळी हातातच फुटते, हे तू मला जेवताना सांगितलं होतंस. ताटावर बसून असलं बोलू नकोस, असं मी म्हटलं होतं. आठवतं?

जानेवारीत तू गेलास. हॉस्पिटलमधल्या व्हिडिओ कॉलवर मास्कच्या आत तुझे ओठ हलत होते. मला वाटलं, तू माझं नाव घेतोयस. त्या समजुतीवर मी आजवर तग धरला. नंतर पेटी बंदच आली, उघडायची नाही म्हणाले. तुझा चेहरा मी शेवटचा पाहिला तो फोनच्या काचेवर, तोही अडकत अडकत.

नागपूरहून महिनाभरासाठी आलेल्या आई लॉकडाऊनमुळे इथेच अडकल्या होत्या, हे एका परीने बरंच झालं. तू गेल्यावर त्या रोज दुपारी दोन कप चहा करायच्या आणि शेडमध्ये जाऊन बसायच्या. परत यायच्या तेव्हा दोन्ही कप रिकामे. दोन्ही त्याच पीत असतील, असं मी धरून चालले. म्हातारं माणूस, लेक गेलेला, काय विचारायचं!

पण मशीनचा आवाज? दांडा खाली ओढला की होणारा तो ‘खट्’ मी दुपारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून ऐकला आहे. आईंच्या हातात तो दांडा ओढायची ताकद नाही रे. एकदा मीटिंग टाकून धावत गेले. आई स्टुलासमोर बसल्या होत्या, स्टुलावर कोणी नव्हतं. खिडकीबाहेर समुद्रावरून आलेलं धुकं, बेन बल्बेनचा डोंगर पार पुसला गेलेला. ‘काय झालं?’ आई म्हणाल्या. मी ‘काही नाही’ म्हटलं आणि परत आले. स्टूल मात्र गरम होतं. मी हात लावून पाहिला होता.

मग गेल्या आठवड्यातली ती दुपार. निर्बंध उठले, क्लब पुन्हा उघडायला लागले. डोनल कुंपणापाशी आला, टोपी हातात. तुझ्या अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी, त्यात त्याचा नंबर लागला नव्हता, ते त्याला फार लागलंय. म्हणाला, ‘नाताळात त्याने मला एक खोकं दिलं होतं बघ, स्वतः भरलेलं. क्लब बंद म्हणून एकही वापरलं नाही. आता मागच्या शेतात जातो आणि युअर मॅनसाठी, त्याच्या आठवणीला, दोन बार काढतो. चालेल ना तुला?’ मला रडूच आलं. चालेल म्हटलं.

आत येऊन आईंना सांगितलं, तर त्यांच्या हातातलं भांडं सुटलं.

‘त्या डब्यातली? मृदुला, त्या डब्यातली तर नाही ना?’

‘कुठल्या डब्यातली?’

‘अगं, शिरीष रोज तेच विचारून राहिला ना! रोज! निळं जाकीट घालून बसतो, माझ्याकडे बघत नाही, डबा हातात घेऊन विचारतो, आई, हा डबा कोणी भरला? मी म्हटलं, मीच भरला, बाप्पा, दिवाळीच्या साफसफाईत. अर्धे अर्धे दोन डबे काहून जागा अडवतात? एकात ओतलं, दुसरा धुऊन रांगोळीला घेतला. तर पुन्हा तेच विचारतो. मी चुकली का गं?’

निळं जाकीट घालूनच तू अँब्युलन्समध्ये चढलास. पण तेव्हा आई आत झोपलेल्या होत्या.

शिरीष, जिन्याखालच्या त्या डब्यातली रांगोळी मी दिवाळीच्या पाडव्याला वापरली होती! आपल्या घरात रवा, साखर, मोहरी, सगळं असंच एकत्र होतं. दोन अर्ध्यांचा एक केला, की बाईला काहीतरी आवरल्याचं समाधान. तुला वाटलं असेल, एक पावडर संपली. आणि नाताळात तू दुसऱ्या डब्यावरचं, दमाने पेटणारीचं लेबल वाचून, त्या जास्तीच्या मापाने, डोनलसाठी काडतुसं भरलीस.

मी चपला न घालता धावले. ओलं गवत, मेंढ्यांची घाण, काही दिसत नव्हतं. ‘डोनल, नको!’ म्हणून ओरडत होते आणि कान त्या बाराकडे लागले होते. बार झाला नाही.

तो शेताच्या भिंतीपाशी उभा होता, बंदूक खाली, चेहरा पांढरा. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, ‘तुझा माणूस मला बार काढू देत नाहीये.’ तो सेफ्टीची कळ पुढे ढकलत होता आणि बंदूक खांद्याला लावेपर्यंत कळ पुन्हा मागे आलेली असायची, चाप ओढताच यायचा नाही. दोनदा झालं म्हणे. ‘ही बंदूक असं कधीच करत नाही. आणि माझ्या बोटावर काहीतरी थंड लागलं, मृदुला.’

मी त्याला डब्यांचं सांगितलं. त्याने बंदूक उघडली, नळीतली काडतुसं काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि तिथेच भिंतीवर बसला. गार्डांना, इथल्या पोलिसांना, फोनही त्यानेच केला. सार्जंट भला माणूस होता, पण चौकशी होईलच. होऊ दे. काल गार्डांनी बोलावलेल्या आर्मीच्या एका बाईने डब्यातली पावडर कागदावर पसरून दाखवली. नीट पाहिलं तर काही कण चपटे, काही गोल. ती मान हलवून म्हणाली, वेगळं करता येत नाही, वापरताही येत नाही, जाळायचंच. मग त्यांनी मोकळ्या जमिनीवर पावडरीची लांब पातळ रेघ ओढली आणि दुरून पेटवली. आवाज झाला नाही. पिवळा जाळ सरसरत टोकापर्यंत गेला आणि संपला.

काल दुपारी आई चहा घेऊन शेडमध्ये गेल्या. परत आल्या तेव्हा एक कप भरलेला होता, वर साय धरलेली. ‘नाही आला,’ म्हणाल्या. एवढंच. आणि पदर तोंडाला लावून बसल्या. एक लेक त्यांचा दोनदा गेला बघ.

आणि माझं काय रे? आईंना दिसलास. डोनलच्या बोटाला शिवलास. मी तुझी बायको, मला एक गरम स्टूल? राग येतो तुझा! त्या फोनवर तू माझं नाव घेत नव्हतास, शेडचंच सांगत होतास, असं आता वाटायला लागलंय. तेवढं एक होतं माझ्याकडे, तेही गेलं.

म्हणून सांगते. डोनलने माझ्या हातावर ठेवलेल्यातलं एक काडतूस मी आर्मीला दिलं नाही. कार्डिगनच्या खिशात राहू दिलं. विसरून नव्हे. ते घरात आहे तोवर तुझं काम संपलेलं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

उद्या सकाळी ते गार्डांच्या हातात देईन. हे वचन. आईंनाही सांभाळीन, डोनलचं काय होऊ शकलं असतं ते त्यांना कधी पूर्ण कळू देणार नाही, हेही वचन. पण आजची दुपार माझी आहे. काडतूस शेडमधल्या तुझ्या रिकाम्या टेबलावर ठेवलंय आणि मी समोर बसून हे लिहितेय. ये, आणि विचार, हे इथे कोणी ठेवलं. मी सांगेन, मी.

तुझीच,
मृदुला