ऑटोगायरो उजवीकडे वळतो

मंगळवार, ४ मार्च, सकाळी ६.४०
टेबलाशी बसून पातं घासत होतो. आजपासून रोज लिहायचं. उद्या कोणी विचारलं, हा ऑटोगायरो कसा बनवला, तर नोंद हवी. विचारतीलच. दिसायला हेलिकॉप्टर, पण वरच्या पात्यांना मोटर नाही. नाकावरचा पंखा यंत्राला पुढे ओढतो आणि पाती वाऱ्यानेच फिरतात. हे ताईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं, आता टेबल मोकळं कर, जेवायला कुठे बसायचं?

रविवारी रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या दुकानाचे मालक मैदानावर येणार. एक फेरी नीट मारून दाखवली, तर त्यांच्याकडे दुरुस्तीच्या कामावर घेणार. नाहीतर सोमवारपासून भाऊजींच्या गोदामात खोकी मोजायची. तो प्रश्नच येत नाही.

बुधवार
पाती तोलली. एक जड. दुसऱ्याला चिकटपट्टी लावली. आता दुसरं जड. संध्याकाळपर्यंत दोन्ही जड. झोप नाही, पण ती पात्यांमुळे नाही.

गुरुवार, ६ मार्च, दुपारी
रिमोट जोडला. त्याची दांडी उजवीकडे केली की पाती बसवलेली मान उजवीकडे झुकायला हवी. डावीकडे झुकली. रिमोटवर दिशा उलट करायचं बटण असतं, ते दाबलं. आता बरोबर. मी यंत्राच्या नाकासमोर बसतो, खिडकीचा उजेड तिथेच येतो. पुन्हा पुन्हा तपासलं. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तू त्याच्या तोंडासमोर का बसलायस? उडवताना मागे उभा राहशील ना?"
ताईला तांत्रिक बाबतीत मत द्यायची सवय आहे.

शुक्रवार
यंत्र दोरीने बांधून टेबलफॅनसमोर ठेवलं. चार बोटं वर उचललं गेलं. टेबलावरची ताईची विजेची बिलंही उडाली. उड्डाण तत्त्वतः यशस्वी. पगार किती मागावा, याचा विचार करत येरझारा घातल्या. भाऊजी म्हणाले, मेव्हणेसाहेब, एकतर बसा नाहीतर बाहेर जा.

शनिवार
गोदामाच्या मुकादमाने माझ्या शर्टाचं माप मागितलं. मी दिलं नाही. ताईने दिलं.

रविवार, ९ मार्च, सकाळी ७.१५, मैदान
वारा उत्तम. मालक हाताची घडी घालून उभे. भाऊजींनी टेम्पो डाव्या कडेला लावला. पाती हाताने फिरवून यंत्र सोडलं. उचललं. खरंच उचललं. ताईने टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यात कचरा गेला.
मग ते जरा डावीकडे कललं. मी दांडी उजवीकडे केली. आणखी डावीकडे. आणखी उजवीकडे केली. शेवटी पूर्ण उजवीकडे दाबली, तेव्हा ते टेम्पोच्या काचेत शिरलं.
मालकांनी सांगाडा उचलला, त्याच्या मागे उभं राहून दांडी हलवून पाहिली आणि विचारलं, "जोडताना बसला कुठे होतास?"
मी म्हणालो, उजेडात.
ताई टेम्पोतल्या काचा वेचू लागली.

संध्याकाळी
शांतपणे विचार केला. समोरून पाहिलं, तर यंत्र उजवीकडेच वळलं.
सामान: ६,२४०. त्यातले ताईचे ४,०००, द्यायचे आहेत. टेम्पोची काच: २,८००, पगारातून कापणार. पगार उद्यापासून सुरू.
शर्ट फुकट. अंगाला बरोबर बसला.